पहिलं छोटं संगमरवरी शिल्प: ‘उत्तम मेंढपाळ’ दगडात कसा उतरवायचा

संगमरवरात ख्रिस्ती विषय कोरायचा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो मायकेलअँजेलोचा ‘पिएता’. मांडीवर मृत ख्रिस्ताला घेतलेली मरिया, १४९८-९९ मधलं काम, आज रोमच्या सेंट पीटर्समध्ये. मग नवखा माणूस हौसेने वीतभर दगड आणतो, त्याच शिल्पाचा फोटो समोर ठेवतो आणि कोरायला बसतो. थोड्याच दिवसांत ख्रिस्ताचा लोंबता हात कोपरापासून सुटून खाली पडतो. मूळ शिल्प जवळजवळ पावणेदोन मीटर उंच आहे. तिथे जो हात मनगटाएवढा जाड आहे, तो तुमच्या दगडात पेन्सिलीएवढा होणार, हे विषय निवडतानाच दिसायला हवं होतं.

हा लेख ज्यांनी माती किंवा लाकूड थोडंफार हाताळलंय, पण दगडाला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी आहे. आपण २० सेंमी उंच, १५ सेंमी रुंद आणि ६ सेंमी जाड दगडात कमरेपासून वरचा ‘उत्तम मेंढपाळ’ (खांद्यांवर कोकरू घेतलेला मेंढपाळ, ख्रिस्ताचं प्रतीक) कोरणार आहोत, मागची पाटी तशीच ठेवून, उठावात. मापं आणि हत्यारं याच आकाराला धरून दिली आहेत.

१. विषय असा निवडा की तोच दगडाला सांभाळेल

मेंढपाळच का, ते आधी सांगतो. कोणत्याही मानवाकृतीत सगळ्यात नाजूक जागा म्हणजे मान. भोवतीचा दगड काढत आणला की डोकं एका बारीक दांडीवर उभं राहतं आणि हातोड्याचा प्रत्येक ठोका तिथे जाऊन बसतो. मेंढपाळाच्या खांद्यांवर कोकरू आलं की मानेभोवती आपोआप दगडाचं कडं तयार होतं. कोकराचे पाय मेंढपाळ छातीशी धरतो, म्हणजे हातही अंगाला चिकटलेले राहतात. बाहेर काढलेलं, अधांतरी असं काहीच उरत नाही.

हे जुन्या कारागिरांना चांगलं ठाऊक होतं. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या कलासंग्रहालयात इ. स. २८०-२९० च्या सुमाराचा, आशिया मायनरमधला (आजचा तुर्कस्तान) छोट्या संगमरवरी शिल्पांचा एक संच आहे. त्यात बायबलमधल्या योनाच्या (मोठ्या माशाने गिळलेल्या संदेष्ट्याच्या) गोष्टीतली चार शिल्पं आणि एक मेंढपाळ आहे. हा मेंढपाळ साधारण ५० सेंमी उंच आहे. म्हणजे ‘छोटं ख्रिस्ती संगमरवरी शिल्प’ ही काही हौशी लोकांनी काढलेली टूम नव्हे, सतराशे वर्षांची रीत आहे. संग्रहालयाने आपल्या बऱ्याच वस्तूंचे फोटो कोणालाही मोफत वापरायला खुले केले आहेत. या संचाचे वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले फोटो शोधा, छापा आणि कामाच्या जागी लावा. ओहायोच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर प्रत्यक्षच जावं, नेहमीच्या दालनांना तिकीट नाही.

व्हॅटिकनमधला प्रसिद्ध मेंढपाळ आज सुटा पुतळा म्हणून उभा आहे. पण तो मूळचा दगडी शवपेटीच्या दर्शनी भागावरचा उठाव. अठराव्या शतकात डागडुजी करून त्याला पुतळ्याचं रूप दिलं गेलं. तेव्हा पाठीशी पाटी ठेवून मेंढपाळ कोरण्यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

दुसरे सोपे विषय: पाय दुमडून बसलेलं कोकरू (‘देवाचा कोकरा’, हेही ख्रिस्ताचंच प्रतीक), किंवा बाळाला घेतलेली मरिया. मरियेच्या डोक्यावरून खांद्यावर उतरणारं वस्त्र मानेचं काम सोपं करतं आणि बाळ तिच्या अंगाशी असतं. कोकरासाठी सुर्बारान या स्पॅनिश चित्रकाराचं माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं चित्र बघा. चारही पाय एकत्र बांधलेलं ते कोकरू जणू दगडासाठीच रचलंय.

क्रूसावरचा ख्रिस्त मात्र पहिल्या दोन-चार कामांत नकोच. पसरलेले हात म्हणजे संगमरवराशी वैरच. चेल्लिनीसारख्या इटालियन उस्तादानेही स्पेनच्या एस्कोरियाल मठातल्या शिल्पात ख्रिस्त पांढऱ्या संगमरवरात घडवला आणि क्रूस वेगळ्या काळ्या दगडाचा केला.

२. दगड आणताना

मकराण्याचा पांढरा दगड बारीक कणांचा असतो, त्यात कडा आणि बोटं नीट उतरतात. ताजमहालचा दगड तोच. बाजारात परदेशी पांढराशुभ्र दगडही मिळतो. त्यातला काही मोठ्या कणांचा, खडीसाखरेसारखा चमकणारा असतो. मोठ्या मूर्तीला तो शोभतो, पण तीन-चार सेंमीच्या चेहऱ्यात नाकाच्या शेंड्याशी कण सुटतात. लहान कामाला कण बारीक हवेत, रंग किंचित राखाडी असला तरी चालेल.

अख्खा ठोकळा विकत घेऊ नका. फरशीवाल्यांकडे, मूर्ती घडवणाऱ्यांकडे किंवा कब्रस्तानाजवळ नावांचे फलक कोरणाऱ्यांकडे तुकडे पडलेले असतात. नवशिक्यांनी शेवटच्या मंडळींशी ओळख जरूर करावी. अक्षर कोरणाऱ्याचा हात बघण्यासारखा असतो, आणि क्रूस, कबुतर, द्राक्षवेल हे त्यांचं रोजचंच काम. जयपूरला जाणं झालं तर ‘खजानेवालों का रास्ता’ या गल्लीत एक चक्कर मारा. अख्खी गल्ली मूर्तिकारांची.

दगड पारखण्याच्या चार गोष्टी:

- आवाज. तुकडा दोरीला टांगा किंवा हातावर तोलून धरा आणि लहान हातोडीने हलकेच वाजवा. टण्ण वाजला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत चीर आहे.
- पाणी. पूर्ण भिजवा आणि सुकताना बघत बसा. सगळा दगड सुकतो, पण भेगेची रेघ काळपट ओली राहते. ही रेघ चेहऱ्याच्या जागेतून जात असेल तर दगड परत करा. राखाडी शीर मात्र वेगळी, ती रंगाची असते आणि बहुतेक वेळा धोका नसतो.
- ओरखडा. चाकूच्या टोकाने संगमरवरावर ओरखडा उठतो. उठला नाही तर दगड क्वार्ट्‌झाइटसारखा काही तरी कठीण आहे, तुमची हत्यारं खाईल. नखाने ओरखडला तर तो फारच मऊ, वेगळाच दगड.
- वास. कोपरा घासल्यावर प्लॅस्टिक जळल्यासारखा वास आला तर तो कारखान्यात बनवलेला कृत्रिम मार्बल. दुकानदार शपथ घेऊन काहीही सांगो.

वजनाचा अंदाज घ्या: एक घन सेंमीला सुमारे २.७ ग्रॅम. आपला तुकडा भरेल जवळपास पाच किलो, पिशवीतून आणता येतो. मापात दुकानातच कापून घ्या. चार इंची ग्राइंडर हा नवशिक्याचा मित्र नव्हे.

३. हत्यारं आणि सामान

- टोकदार छिन्नी, एक मध्यम आणि एक बारीक
- दातेरी छिन्नी, चार किंवा पाच दात्यांची
- चपट्या छिन्न्या, ६ मिमी आणि १२ मिमी
- साधारण अर्ध्या किलोचा लोखंडी हातोडा
- दगडाच्या कानशी: एक अर्धगोल, दोन-तीन वाकड्या टोकांच्या बारीक
- कॅलिपर, पोलादी पट्टी, गुण्या, कार्बन पेपर, मऊ पेन्सिल
- अर्धी भरलेली वाळूची गोणी (दगड तिच्यावर बसतो, ठोका तीच पिते)
- वॉटर पेपर: १२०, २२०, ४००, ६०० नंबर
- बाजूंनी बंद असलेला चष्मा आणि एन-९५ मास्क
- बादली, स्पंज, जुना टूथब्रश

छिन्न्या टंगस्टन कार्बाइडच्या टोकाच्या मिळाल्या तर धार लावण्याचा ताप वाचतो. साध्या पोलादाच्या असतील तर लोहाराकडून पाणी देऊन घ्या. लाकडाच्या पटाशीने दगड कोरायला जाऊ नका, दोन्ही बिघडतात.

४. जागा आणि धूळ

संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ग्रॅनाइट किंवा वालुकाश्म यांच्या मानाने त्यात सिलिका (जिची बारीक धूळ फुप्फुसाला घातक असते) फार कमी. म्हणून मास्क काढून बसणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. थोडीफार सिलिका असू शकते आणि कुठलीही बारीक धूळ फुप्फुसाला नकोच. घासण्याचं काम शक्यतो पाणी लावूनच करा.

ते पांढरं पाणी मोरीत ओतू नका. पाइपात गाळ बसतो आणि मग प्लंबर. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं निवळ पाणी ओता, खालचा गाळ सुकवून कचऱ्यात टाका.

उजेड एका बाजूने, तिरका यायला हवा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली पांढऱ्या दगडावरचा चढउतार दिसतच नाही आणि तुम्ही उगाच खोल जात राहता. खिडकीशी आडवं बसा किंवा टेबललॅम्प बाजूला ठेवा. आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर दुपारी दोन ते चार हातोडा खाली. शिल्पाइतकेच शेजारीही टिकवायचे असतात.

५. आधी माती

ही पायरी टाळायचा मोह सगळ्यांना होतो. टाळू नका. दगडात चुकलेलं भरून काढता येत नाही, मातीत येतं.

दगडाच्या मापाचीच, २० बाय १५ बाय ६ सेंमीची लाकडी चौकट करा आणि तिच्यात तेलाच्या मातीत (प्लॅस्टिसिनमध्ये) मेंढपाळ घडवा. शाडू इथे चालणार नाही, कारण पुढे पाणी लागणार आहे. कोणताही भाग चौकटीच्या कडेपेक्षा वर येऊ देऊ नका. ती कड म्हणजे दगडाचा मूळ पृष्ठभाग. मागची पाटी दोन सेंमी सोडली की उठावाला चार सेंमी उरतात आणि तेवढे भरपूर आहेत. दोनातेल्लो या इटालियन शिल्पकाराने १४१७ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये संत जॉर्ज आणि राक्षसी सर्पाचा प्रसंग कोरला, तो इतक्या कमी उठावात की बोट फिरवल्यावर खोली जेमतेम लागावी.

डोकं सुमारे पाच सेंमी ठेवा. कोकराचं डोकं मेंढपाळाच्या डोक्याला टेकलेलं असू द्या, मधे फट नको. केस आखूड आणि कुरळे असले तर उत्तम, तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या शिल्पांत मेंढपाळ बहुधा असाच तरुण, बिनदाढीचा दिसतो.

आता पाणी. मायकेलअँजेलोच्या कामाची पद्धत समजावताना त्याचा चरित्रकार व्हासारी याने लिहिलंय: मेणाची आकृती पाण्याच्या भांड्यात आडवी ठेवा आणि हळूहळू वर उचला. सर्वांत उंच भाग आधी बाहेर येतील, मग खालचे. दगडातूनही आकृती त्याच क्रमाने काढायची. आपण हेच उलटं करू. नमुना ट्रेमध्ये सपाट ठेवा आणि चौकटीच्या कडेखाली एक सेंमी येईल इतकं नीळ घातलेलं पाणी ओता. मेंढपाळाचं नाक, कपाळ, कोकराचं तोंड, पाय धरलेल्या मुठी अशी बेटं वर दिसतील. बरोबर वरून फोटो घ्या. मग पाणी आणखी एक सेंमी खाली, पुन्हा फोटो. असे तीन फोटो दगडाच्या मापात छापले की खोलीचा नकाशा तयार. यासाठी लोक महागडे थ्री-डी स्कॅन करतात, इथे ट्रे आणि नीळ पुरते. नीळ दगडाजवळ मात्र नेऊ नका.

६. ढोबळ काम

दगडाच्या चारही बाजूंना एक सेंमीची पट्टी आखा. ती शेवटपर्यंत कोरायची नाही. तिच्यावर पोलादी पट्टी आडवी टाकली की कुठूनही खोली मोजता येते, आणि कडांचे टवके उडत नाहीत.

पहिला फोटो कार्बनने दगडावर उतरवा. बेटांच्या बाहेरचं सगळं एक सेंमी खाली न्या. मग दुसरा फोटो, आणखी एक सेंमी. अशा पायऱ्या उतरत पाटीपर्यंत जा. या टप्प्यावर शिल्प ओबडधोबड जिन्यासारखं दिसेल आणि घरचे विचारतील हे काय. दिसू दे.

टोकदार छिन्नी सुमारे ४५ अंशांत धरा. आधी समांतर चर पाडा, मग आडवे वार करून मधल्या सरी उडवा. कपच्या पुढे उडायला हव्यात. छिन्नी सरळ उभी धरून ठोकली की कपची उडत नाही, दगड आतल्या आत चुरडतो. वर काही दिसत नाही, पण पॉलिशच्या वेळी तिथे पांढरा, अपारदर्शक ठिपका उमटतो आणि तो काही केल्या जात नाही. गालावर असा ठिपका आला तर तो घालवायला अख्खा चेहरा खोल न्यावा लागतो. म्हणून टोकदार छिन्नी अंतिम पृष्ठभागाच्या तीन-चार मिलिमीटर वरच थांबवा.

कडेजवळ काम करताना वार नेहमी कडेकडून दगडाच्या पोटाकडे. उलट केलंत तर कड घेऊनच कपची जाते.

रेघा पेन्सिलीनेच. मार्करची शाई दगडात मुरते. आणि ओली छिन्नी रात्री दगडावर ठेवून झोपू नका, सकाळी गंजाचा डाग तुमची वाट बघत असेल.

७. दातेरी छिन्नी, मग चेहरा

इथे सावकाश. दातेरी छिन्नी आकाराच्या वळणाने फिरवायची: गाल गोल आहे तर रेघाही गोल, बाही खाली पडते तर रेघाही खाली. चित्रकार पेन्सिलीने छायारेषा ओढतो तसंच हे काम. लंडनच्या रॉयल अकॅडमीत मायकेलअँजेलोचं एक गोल, अपुरं राहिलेलं शिल्प आहे, मरिया, बाळ येशू आणि लहानगा योहान. त्यात या रेघा उघड्या दिसतात. त्याचे मोठे फोटो बघून जितकं शिकायला मिळतं तितकं कुठल्या व्हिडिओतून मिळत नाही.

चेहऱ्याचा क्रम असा ठेवा: आधी कपाळ ते हनुवटी एकच गोलवा, मग डोळ्यांचे खळगे, मग नाकाच्या बाजू, मग ओठ. नाक हवं त्यापेक्षा मोठं ठेवा आणि डोळे लहान. मोठं नाक लहान करता येतं. एवढ्याशा चेहऱ्यात बुबुळं कोरू नका, नुसत्या पापण्या पुरेशा. बुबुळ कोरलं की चेहरा टक लावून बघायला लागतो. ओठांच्या कोपऱ्यांत बारीक टोकाने एकेक खोल ठिपका द्या. सावली पडली की तोंड आपोआप बोलकं होतं.

बोटांच्या आणि कोकराच्या पायांच्या मधला दगड आरपार काढू नका. गडद दिसेल इतकी खाच पुरे. कोकराची लोकर नवशिक्याला भुलवते, एकेक कुरळा केस कोरत बसावंसं वाटतं. तीन-चार ठिकाणी गुच्छ स्पष्ट करा, बाकी दातेरी रेघांवर सोडा.

वस्त्राच्या घड्यांसाठी मुंबईकरांनी फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल बघावं. भिंतींवर इंग्लंडहून आलेली संगमरवरी स्मारकं आहेत. बाजूला उभं राहून बघा, समोरून नव्हे. घडी समोरून खोल वाटते, पण बाजूने पाहिलं की कळतं ती बोटाच्या पेराएवढीच आहे, फक्त एक कड तीक्ष्ण ठेवलीय. गोव्याला गेलात तर जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चमधली संत फ्रान्सिस झेवियरची समाधी आहेच. तिचं काम फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याचं, टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेलं, १६९८ मध्ये बसवलेलं. एवढं मोठं इटालियन काम आपल्याला इतक्या जवळ बघायला मिळतं.

८. घासणं आणि पॉलिश

कानस, मग १२०, २२०, ४००, ६००. प्रत्येक नंबरनंतर दगड धुऊन पूर्ण सुकू द्या. ओल्या दगडावर सगळंच गुळगुळीत दिसतं, सुकल्यावर आधीच्या नंबरचे ओरखडे उघडे पडतात. १२० ला कंटाळून २२० वर गेलात तर ६०० पर्यंत ते ओरखडे सोबत येतील.

माझं मत विचाराल तर आरशासारखी चकाकी देऊ नका. लहान शिल्पात तिच्यामुळे नाकडोळे हरवतात, नुसता दिव्याचा ठिपका दिसतो. चेहरा आणि हात ६०० पर्यंत, वस्त्र २२० वर, कोकरू आणि पाटी दातेरी रेघांसकट. मऊ आणि खरबरीत शेजारी आले की दोन्ही उठून दिसतात. चमक हवीच असेल तर रंगहीन मायक्रोक्रिस्टलाइन मेण कापडाने पातळ लावा. दुकानदार ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर पुढे करतील. ती विषारी आहे, घरच्या सिंकमध्ये तिचं काम नाही.

९. मोडलं तर, आणि मोडू नये म्हणून

तुकडा सापडला तर धुऊन सुकवा, एपॉक्सीचा अगदी पातळ थर लावून दाबून ठेवा. दगडाच्या भुकटीत एपॉक्सी कालवून सांधा भरता येतो, पण तो काळाने पिवळसर होतो. आत सळई घालायची वेळ आली तर स्टेनलेस स्टीलची. साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगड आतून फोडतं.

शिल्प घरच्या आल्तारावर (वेदीवर) ठेवणार असाल तर मेणबत्ती हातभर लांब. काजळी आणि मेण दोन्ही दगडात शिरतात. झेंडूचा हार थेट घालू नका, डाग पडतो. पुसायला फक्त पाणी आणि मऊ कापड; लिंबू, चिंच, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, यातलं काहीही लागलं की आंबटपणा दगड खातो आणि पॉलिश जातं. चर्चला द्यायचं असेल तर कोरायला घेण्यापूर्वीच फादरांशी बोला. जागा, माप, विषय, सगळ्याला त्यांचं मत असतं आणि असायलाही हवं.

१०. कागदपत्रं

घरात ठेवायच्या शिल्पाला काही लागत नाही. परदेशातल्या नातेवाइकांना पाठवणार असाल तर मात्र दगडाचं बिल आणि कामाच्या टप्प्यांचे तारखेसकट फोटो जपून ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं शिल्प खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तुमचं काम नवं आहे हे तुम्हाला माहीत असतं, पण जुन्या धाटणीचा मेंढपाळ बघून कस्टम्सवाला अडवू शकतो. अशा वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरातन नसल्याचा दाखला मागितला जातो. पाठवायच्या आधीच तो काढून घ्या, आणि पाटीच्या मागे चपट्या छिन्नीने आपलं नाव आणि साल कोरून टाका.